सगुणाबाईंच्या दोन शोकसभा

एक होतं जंगल. त्या जंगलात दोन शहरं होती आणि दोन्हींच्या मधून एक ओढा वाहत होता. जंगलात शहरं कशी काय, असं विचारणाऱ्या पिल्लांना शाळेतून काढून टाकत असत, त्यामुळे तो प्रश्न आता कोणी विचारत नाही. आपणही विचारू नये.

वरचं शहर उंबरठाण. ते पठारावर होतं आणि तिथे उंबराची जुनी झाडं होती. प्रत्येक फांदीवर एक फलक होता: ‘या फांदीवर अमुक गायक बसत असत.’ काही फांद्यांवर इतके फलक झाले होते, की एखाद्या नव्या गायकाला बसायला जागा उरली नव्हती. उंबरठाणचे श्रोते जाणकार म्हणून प्रसिद्ध. गाणाऱ्याने चोच उघडायच्या आधी ते ‘वा’ म्हणत आणि चोच मिटायच्या आत त्याला त्याची चूक सांगत.

खालचं शहर खाजणपूर. ओढा जिथे खाडीला मिळतो तिथे, खारफुटीत वसलेलं. तिथे जे असेल ते जंगलातलं सर्वांत मोठं असे. ओहोटीला आलेला पाहुणा भरतीपर्यंत थांबला, तर तो ‘खाजणपूरचा सुपुत्र’ ठरे. तिथले श्रोते दिलदार. ते गाण्याच्या आधी टाळ्या वाजवत, मध्ये वाजवत आणि गाणं संपायच्या आत जेवायला जात.

दोन्ही शहरांचं पूर्वीपासून वाकडं होतं.

“तुमच्याकडे कलावंत जन्मतात खरे, पण उपाशी मरतात,” खाजणपूरकर म्हणत.

“आणि तुमच्याकडे पोट भरल्यावर कला मरते,” उंबरठाणकर म्हणत.

दोघांचंही बरोबर होतं. म्हणून भांडण मिटत नव्हतं.

या जंगलावर तरस महाराजांचं राज्य होतं. मागच्या दुष्काळात ते प्रचंड मतांनी निवडून आले होते. ‘सामायिक कोठार कधीही रिकामं राहणार नाही’ हे त्यांचं वचन होतं आणि ते पाळण्यासाठी ते सहकुटुंब कोठारातच राहायला गेले. काही दिवसांनी प्राणी कोठाराच्या दाराशी येऊन आत काय उरलंय ते विचारू लागले. आतून हसण्याचा आवाज येई. तरसाचं हसणं ही उत्तराची पद्धत आहे, असं राजवाड्याने स्पष्ट केलं, तरी प्राणी हलेनात. तेव्हा महाराज बाहेर आले आणि उंच दगडावर चढून त्यांनी भाषण केलं.

“माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! काही देशद्रोही तुम्हाला पोटाचं विचारतात. मी तुम्हाला हृदयाचं विचारतो! सांगा, आपल्या या दोन महान नगरांपैकी कोणाची सांस्कृतिक कीर्ती मोठी?”

“आमची!” अर्धे प्राणी ओरडले.

“छे, आमची!” उरलेले ओरडले.

“मग ठरवूच या. जिंकेल ते नगर राज्याची सांस्कृतिक राजधानी होईल!”

जमाव दोन तुकड्यांत विभागून एकमेकांना शिव्या देत घरी गेला. कोठाराच्या दाराशी एक म्हातारा ससा तेवढा उरला, आणि तोही ऐकायला कमी येत असल्यामुळे.

कीर्ती मोजण्यासाठी आयोग नेमला गेला. अध्यक्ष घोरपडराव. घोरपड ज्या दगडाला चिकटते तिथून सहसा सुटत नाही, म्हणून प्रशासनात तिला फार मान असतो. घोरपडरावांनी आधी असं सुचवलं, की ज्या शहराचा आवाज अधिक लांब ऐकू जातो त्याची कीर्ती मोठी समजावी. चाचणी घेतली तेव्हा डबक्यातले बेडूक पहिले आले. बेडूक कोणत्याच शहराचे नव्हते, म्हणून चाचणी सदोष ठरली. मग त्यांनी सुचवलं, की कलावंतांची शिरगणती करावी. यावर मात्र दरबारात बराच विचार झाला.

“महाराज, एक अडचण आहे,” घोरपडराव म्हणाले. “जिवंत कलावंत उद्या काहीही बोलू शकतो.”

“आणि मेलेला?”

“मेलेल्याच्या वतीने आपण बोलू शकतो.”

महाराज हसले. दरबारही हसला. तिथे आधी हसायची आणि कारण नंतर राजपत्रात वाचायची रीत होती.

राजपत्रात नियम आला. कीर्ती फक्त दिवंगतांची धरली जाईल. जिवंत कलावंत हा कच्चा माल समजावा. कीर्तीचं एकक शोकसभा असेल. ज्या शहरात शोकसभा अधिक आणि भव्य, त्याची कीर्ती मोठी. महाराज तरस असल्यामुळे दिवंगतांविषयी त्यांना मुळातच जिव्हाळा होता. शोकसभेनंतर पार्थिव राजवाड्यात पाठवावं, तिथे त्याची योग्य ती व्यवस्था केली जाईल, एवढं एक पोटकलम त्यांनी स्वतः घातलं.

सुरुवातीला दोन्ही शहरांनी जुने मृत धुंडाळले. ते संपले. मग सत्कार सुरू झाले.

खाजणपूरचे नगराध्यक्ष पाणमांजरशेठ यांनी म्हाताऱ्या सुतारपक्ष्याला, जो तबल्यासाठी नावाजलेला होता, कातळावर वाजवायचं सन्मानाने निमंत्रण दिलं. कातळ टिकला. उंबरठाणचे नगराध्यक्ष साळिंदरतात्या यांनी थकलेल्या मोराचा कड्याच्या टोकावर सत्कार ठेवला. आधी त्याच्या गळ्यात इतके हार घातले की पंख उघडेनात, आणि मग मानपत्र वाचत वाचत तात्या एकेक पाऊल पुढे सरकत राहिले. मोर सभ्य होता. तो एकेक पाऊल मागे सरकत राहिला. मानपत्र दीर्घ होतं. दुसऱ्या दिवशी शोकसभेत तात्या म्हणाले, “त्यांनी उंची गाठली होती,” आणि सभा गहिवरली.

यानंतर जंगलातल्या कलेला एक चमत्कारिक रोग लागला. कोणी ‘छान’ म्हटलं की कलावंत बिळात शिरत. बुलबुल मुद्दाम बेसूर गाऊ लागला आणि त्यात त्याला इतकं यश आलं, की बेसूरपणाबद्दल सत्कार होईल या भीतीने त्याने गाणंच सोडलं. सुगरण पक्षी भोकं असलेली घरटी विणू लागले. त्यांची अंडी खाली पडत, पण ते स्वतः वाचत. आयोगाच्या अहवालात याला ‘कलाक्षेत्रातील स्थैर्य’ असं म्हटलं होतं.

दोन्ही शहरांच्या शोकसभा समसमान झाल्या. आता फक्त एक मृत्यू हवा होता. आणि चांगलं गाणारं जंगलात एकच कोणीतरी उरलं होतं.

सगुणाबाई कस्तूर ओढ्याच्या मधोमध, धबधब्याजवळच्या कपारीत राहत. जातीने कस्तूर, म्हणजे शीळ घालणारी पक्षीण; रंगाने काळ्या-निळ्या, कपाळावर चमकदार निळा पट्टा. पहाटे उजाडायच्या आधी त्या शीळ घालत. कोणी वाटेने एकटं रमतगमत चाललं असावं आणि आपण शीळ घालतोय हे त्याच्या ध्यानातही नसावं, तशी ती शीळ होती. त्यांची राहण्याची जागा कुठल्याच शहराच्या हद्दीत येत नव्हती, म्हणून त्यांचा कधी सत्कार झाला नव्हता, म्हणून त्या अजून सुरेल होत्या.

त्यांच्या दगडाखाली रखमा खेकडीण राहत असे. सगुणाबाईंनी तिची काही पोरं खाल्ली होती, कारण कस्तूर खेकडे खातातच. तरीही शेजार टिकून होता. “बाई पोटासाठी खात्यात,” रखमा म्हणे. “भाषण करून न्हाई खात.”

एका सकाळी दोन्ही शहरांची शिष्टमंडळं एकाच वेळी ओढ्यावर येऊन धडकली. एका काठावर साळिंदरतात्या, दुसऱ्या काठावर पाणमांजरशेठ.

“बाई,” तात्या म्हणाले, “तुमचं आणि उंबरठाणचं नातं पिढ्यांचं आहे. तुमच्या आजी आमच्या उंबरावर आल्या होत्या.”

“गायल्या होत्या?”

“नाही. शिटल्या होत्या. आम्ही तिथे फलक लावलाय.”

“अहो तात्या, आजीचं काय सांगता!” शेठ पाण्यात एक गिरकी मारून म्हणाले. “बाई, साधा हिशेब. तुम्ही शीळ घालता ती पाण्यावर पडते. पाणी वाहत कुठे जातं? आमच्याकडे. म्हणजे शीळ आमची.”

“पाणी वरून येतं, शेठ. आमच्याकडून!”

“वरून काय काय येतं ते खाली राहणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे, तात्या.”

सगुणाबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. “मला काय करायचंय ते सांगा,” त्या म्हणाल्या.

दोघेही जरा घुटमळले. मग शेठनी घसा साफ केला. “तसं विशेष काही नाही. फक्त वारायचं.”

“कधी?”

“तुमच्या सवडीने हो. घाई नाही. फक्त आचारसंहिता लागायच्या आत झालं तर बरं.”

“आणि शेवटचा श्वास आमच्या हद्दीत घ्यावा,” तात्या म्हणाले. “तेवढी नम्र विनंती.”

“नाही जमायचं,” सगुणाबाई म्हणाल्या. “कपारीत दोन अंडी आहेत. पिल्लं बाहेर आली की त्यांना शीळ शिकवायची आहे. आमच्यात शीळ जन्मतःच येत नाही. लहानपणी जे कानावर पडतं तेच पुढे गळ्यातून निघतं. मी गप्प झाले तर ती जन्मभर नुसती चिरकत राहतील.”

“पण कीर्तीचं काय?” तात्यांनी कळवळून विचारलं.

“शीळ राहिली की पुरे.”

तात्यांनी आणि शेठनी एकमेकांकडे पाहिलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं, की ही बाई संस्कृतीच्या आड येते आहे.

दोन्ही शिष्टमंडळं घोरपडरावांकडे गेली. घोरपडरावांनी नियम काढला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, “नियमात शोकसभा हवी असं म्हटलंय. मृत्यू हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. तो गृहीत धरलाय. गृहीत धरलेल्या गोष्टीचा पुरावा मागायची या राज्यात पद्धत नाही.”

दोघेही धावत आपापल्या शहरात गेले.

दुसऱ्या दिवशी रखमा दगडाखालून बाहेर आली. सगुणाबाई अंड्यांवर बसल्या होत्या.

“बाई, तुमी वारलात.”

“कधी गं?”

“आज सकाळी, वरच्या शेरात. खालच्या शेरात दुपारी वारणार हायसा. मांडव घालायलेत.”

“कशाने वारले?”

“वरती म्हन्त्यात, साधनेनं. खाली अजून ठरलं न्हाई.”

सगुणाबाई अंड्यांवरून उठल्या. मग म्हणाल्या, “अंड्यांकडे लक्ष ठेव. मी सांगून येते, की मी आहे म्हणून.”

“मी ठिवू लक्ष?” रखमा म्हणाली. “माझ्या पोरांचं काय केलंत ते आठवतंय न्हवं?”

“आठवतंय.”

“मंग जावा. ठिवते.”

उंबरठाणात मोठ्या उंबराखाली सभा भरली होती. सगळे सुतकी चेहऱ्याने बसले होते आणि मागच्या रांगेत उंबरं वाटली जात होती. साळिंदरतात्या काटे फुलवून बोलत होते.

“सगुणाबाईंच्या जाण्याने जी पोकळी निर्माण झाली आहे, ती भरून काढणं अवघड आहे. खरं तर ती भरून काढूच नये, असं माझं मत आहे. ती पोकळी हाच आपला ठेवा आहे! त्यांनी अखेरचा श्वास इथे, याच उंबराखाली घेतला...”

“मी अजून घेतेय,” वरच्या फांदीवरून आवाज आला.

सभेने वर पाहिलं.

“आपण कोण?” तात्यांनी विचारलं.

“सगुणा.”

“म्हणजे बाईंच्या नामभगिनी?”

“म्हणजे मीच. मी वारले नाही. एवढंच सांगायला आले.”

“हे पाहा,” तात्या संयमाने म्हणाले, “दुःखाच्या प्रसंगी थट्टा आमच्या शहरात चालत नाही. आपण सगुणाबाई असाल तर सिद्ध करा.”

सगुणाबाईंनी शीळ घातली. मागच्या रांगेतल्या खारीच्या हातातलं उंबर हातातच राहिलं. पाचोळ्यात काहीतरी खुडबुडत होतं ते थांबलं. वाऱ्यालासुद्धा काही क्षण काही काम नसल्यासारखं झालं. शीळ संपली तरी कोणी हललं नाही.

मग समीक्षक टिटवी उठली. “बरी आहे. पण मूळ बाईंच्या शिळेत एक वेदना असायची.”

“अगदी,” दुसरं कोणी म्हणालं. “ही तंत्रशुद्ध आहे, पण आतून येत नाही.”

“बाईंना मी जवळून ऐकलंय,” जो कधीच ओढ्यावर गेला नव्हता असा एक रानकोंबडा म्हणाला. “ती सर नाही.”

“वेदना आत्ता होतेय,” सगुणाबाई म्हणाल्या.

“नवोदितांनी निराश होऊ नये,” तात्या म्हणाले. “रियाज करा. आणि फांदीवरून उतरा, तिथे फलक लावायचाय.”

सगुणाबाई उडाल्या आणि ओढ्याच्या कडेकडेने खाली खाजणपूरला गेल्या. तिथला मांडव खारफुटीपेक्षा मोठा होता. शेठनी त्यांना लांबूनच ओळखलं आणि हात पसरून धावत आले.

“अहो सगुणाबाई! या, या! पुढे बसा. अरे, बाईंना पुढची जागा द्या रे!”

सगुणाबाईंना बरं वाटलं. “तुम्ही ओळखलंत मला?”

“म्हणजे काय! या जंगलात अशी दुसरी आहे का कोणी?”

“मग मी जिवंत आहे हे सांगा सगळ्यांना.”

शेठनी आवाज खाली आणला. “बाई, तुम्ही जिवंत आहात याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. खुशाल असा. फक्त जाहीर करू नका. मांडव घातलाय, पाहुणे आलेत, चिंबोऱ्या उकडायला टाकल्यात. आता उलट असं करू, श्रद्धांजलीचं दीपप्रज्वलन तुमच्याच हस्ते करू. ए, काजवा आण रे!”

“माझ्याच श्रद्धांजलीचं?”

“त्याला वेगळंच वजन येतं. आणि नंतर दिवंगत सगुणाबाईंच्या स्मृतीला वाहिलेली एक छोटीशी शीळ तुम्हीच घाला. पाच मिनिटं. लोकांना जेवायचंय.”

त्या शीळ न घालता परत निघाल्या. उंबरठाणने ऐकून घेतलं आणि ओळखलं नाही. खाजणपूरने ओळखलं आणि ऐकून घेतलं नाही. दोन्ही शहरांच्या संस्कृतीतला फरक म्हणतात तो एवढाच. तो शोधायला खरं तर आयोगाची गरज नव्हती.

आता जिवंत असल्याचा निकाल देऊ शकतील असे एकटे महाराजच उरले होते. सगुणाबाई राजवाड्यावर, म्हणजे आता कोठारावरच, गेल्या. महाराज कोठारात पहुडले होते. घोरपडराव त्यांच्या मागच्या भिंतीला चिकटले होते.

“बाई,” महाराज म्हणाले, “माझं वैयक्तिक मत विचाराल तर तुम्ही जिवंत दिसता. मला त्यातलं कळतं. तुम्हाला अजून काहीही वास नाही.”

“मग तसा हुकूम काढा.”

“कसा काढू? दोन नगरं रडली हो! त्यांचं रडणं खोटं ठरवू? लोकांच्या भावना दुखावतील. राज्य भावनांवर चालतं, बाई. दाण्यांवर चालत असतं तर मी इथे असतो का?”

आपण जास्त खरं बोललो असं वाटून महाराज हसले. घोरपडरावही भिंतीवरून हसले.

“मला कीर्ती नको,” सगुणाबाई म्हणाल्या. “राजधानी कोणालाही द्या. मला फक्त पहाटे शीळ घालू द्या. पिल्लं आज-उद्या बाहेर येतील.”

महाराजांनी घोरपडरावांकडे पाहिलं. घोरपडरावांनी निकाल तोंडपाठ सांगितला. सगुणाबाई कस्तूर दिवंगत आहेत. अर्जदार पक्षीण हिला ‘इतर पक्षी’ म्हणून ओढ्यावर राहण्याची मुभा आहे. दिवंगत सगुणाबाईंची शीळ हा राज्याचा वारसा असल्याने ‘इतर पक्षी’ यांनी ती घालू नये. घातल्यास दिवंगतांचा अवमान समजला जाईल. वारसा टिकावा म्हणून ओढ्यावर एका शासकीय गायकाची नेमणूक करण्यात येत आहे.

शासकीय गायक म्हणून कोतवाल पक्षी नेमला गेला. तो कोणाचाही आवाज हुबेहूब काढत असे: ससाण्याचा, मांजराचा, आणि गरज पडली तर जनतेचासुद्धा. त्याने सगुणाबाईंची शीळ तयार केली. नेमणूक महाराजांनी केली होती, म्हणून कृतज्ञता म्हणून त्याने शिळेच्या सुरुवातीला आणि शेवटी महाराजांचं हसणं जोडलं. रोज पहाटे तो धबधब्यावरच्या फांदीवर बसून हसे, शीळ घाली आणि पुन्हा हसे. येणारे-जाणारे थांबून उभे राहत. तसा नियम होता.

राहिला प्रश्न राजधानीचा. दोन्ही शहरांची कीर्ती अगदी सारखी भरली, म्हणून महाराजांनी जड अंतःकरणाने तो मान तिसऱ्याच गावाला दिला. त्या गावाचं नाव हाडवाडी. महाराजांचा जन्म तिथला. हाडवाडीत आजवर कोणी गायलं नव्हतं, नाचलं नव्हतं आणि काही विणलंही नव्हतं, त्यामुळे तिथल्या संस्कृतीबद्दल कोणाचाच आक्षेप नव्हता.

बातमी आली तेव्हा उंबरठाणात सन्नाटा पसरला.

“आपल्याला नाही मिळालं,” टिटवी म्हणाली.

“खाजणपूरला मिळालं का?” तात्यांनी विचारलं.

“नाही.”

तात्यांचा चेहरा उजळला. उंबरठाणने त्या संध्याकाळी विजय मिरवणूक काढली. खाली खाजणपुरात त्याच कारणासाठी त्याच वेळी फटाके वाजत होते.

ओढ्यावर पिल्लं अंड्यांतून बाहेर आली होती. दोन होती. सगुणाबाई त्यांना धबधब्याच्या मागे नेत. पाणी कोसळण्याचा आवाज तिथे इतका असतो, की खालचे सगळे स्वर त्यात बुडतात. फक्त उंच, बारीक शीळ वर तरंगते आणि तीही अगदी जवळ असेल त्यालाच ऐकू येते. त्या पिल्लांच्या कानाशी चोच नेऊन शीळ घालत. बाहेर दगडावर रखमा नांग्या उगारून पहारा देई.

“आई, बाहेरचा हसतो तो कोण?” धाकट्याने विचारलं.

“तो मी आहे,” सगुणाबाई म्हणाल्या. “असं म्हणतात.”

“मग तू कोण?”

“मी इतर.”

थोरलीला पंखांत बळ आलं त्या दिवशी ती डोंगर ओलांडून पलीकडे गेली. पलीकडचं राज्य वेगळं, म्हणून ती या गोष्टीत पुन्हा येत नाही. जाताना ती शीळ घालत गेली, एवढं रखमाने ऐकलं.

धाकटा राहिला. त्याला आईचं वाईट वाटत होतं आणि दोन्ही शहरांचं आकर्षणही.

पावसाळा सरता सरता सगुणाबाई खरोखर वारल्या. रखमाने वर आणि खाली निरोप धाडला. उंबरठाणहून उत्तर आलं, की सदर दुःख आधीच व्यक्त करण्यात आलं आहे. खाजणपूरहून शेठनी कळवलं, की फार वाईट झालं, पण मांडववाल्यांची सुटी आहे. राजवाड्यातून मात्र लगेच दोघे जण पार्थिवासाठी आले. रखमा कपारीच्या तोंडाशी नांग्या उघडून बसली.

“हिथं दिवंगत कुनी न्हाई,” ती म्हणाली. “इतर पक्षी हाय. कलम वाचा.”

ते कलम वाचायला परत गेले आणि तोवर ओढ्याला पाणी वाढून कपार बुडाली.

धाकट्याला त्या दिवशी काही सुचेना. तो उडत उडत उंबरठाणला गेला आणि मोठ्या उंबराच्या एका रिकाम्या टोकावर बसला. कोतवालाचा शिष्य म्हणवून घेणाऱ्यालाच शीळ घालायची परवानगी होती, म्हणून त्याने तसं सांगितलं. मग त्याने आईची शीळ घातली, धबधब्यामागे शिकवली होती तशीच्या तशी.

खाली सभा जमली होती. तात्यांनी डोळे पुसले.

“पोरात गुण आहे,” ते म्हणाले. “गुरूचा गळा अगदी हुबेहूब उचललाय. पण सुरुवातीचं आणि शेवटचं हसणं विसरला. मूळ चीज अर्धवट ठेवू नये.”

“हसण्याशिवाय अगदी ओकंबोकं वाटलं,” टिटवी म्हणाली.

“ते हसणं नव्हतंच,” धाकटा म्हणाला. “म्हणजे मुळात...”

सगळे त्याच्याकडे पाहत होते. सगळ्यांच्या नजरा प्रेमळ होत्या. आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडे इतक्या जणांनी पाहिलं होतं.

“विसरलो,” तो म्हणाला.

पुढच्या खेपेला तो आधी हसला, मग त्याने शीळ घातली, मग तो पुन्हा हसला. टाळ्या थांबेनात. खाजणपूरने त्याला खालीही बोलावलं. तिथे लोकांना जेवायला जायचं होतं म्हणून त्याने शीळ आखडती घेतली आणि हसणं वाढवलं. ते फारच आवडलं. आता दोन्ही शहरांत तो इतका लोकप्रिय आहे, की तो कधी मरेल याची कोणीच वाट पाहत नाही. येत्या निवडणुकीसाठी दोन्हीकडून त्याला तिकीट देऊ केलंय. शीळ घातलीच पाहिजे अशी कोणाची अट नाही. हसता आलं की झालं.